पेशीतील प्रथिनांची वाहतूक आणि स्रोतोदुष्टीचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात स्रोतोदुष्टीचे चार प्रकार आले आहेत : अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी व विमार्गगमन. पेशीतील वाहतुकीविषयीचे आधुनिक संशोधन अभ्यासताना आम्हांस यांपैकी दोहोंचे प्रकर्षाने स्मरण झाले.

पेशीत सहस्रावधी प्रकारची प्रथिने निर्माण होतात. प्रत्येकाचे कार्यस्थान मात्र निराळे असते. त्या स्थानाचा पत्ता प्रथिनाच्या रचनेतच अंतर्भूत असतो, या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी बहुधा १५ ते ३० अमिनो आम्लांची संकेतशृंखला असते. ती त्यास आंतर्द्रव्यजालिकेत नेते. तेथे योग्य घडी बसलेली प्रथिनेच सामान्यतः सूक्ष्म पिटिकांतून गॉल्गी संकुलाकडे व तेथून इष्ट स्थळी जातात.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे मुख्यतः यकृतात तयार होणारे प्रथिन रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचून त्यांचे रक्षण करते. मातापित्यांकडून आलेल्या जनुकदोषामुळे त्यातील ३४२ वे अमिनो आम्ल बदलले, की घडी बिघडते व प्रथिन यकृतपेशींतच साचते. यकृताची हानी होते आणि फुप्फुसेही अरक्षित राहतात. हा जणू संगच. आय-सेल विकारात लयकारिकांकडे जाणाऱ्या विकरांवर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण उमटत नाही. ती विकरे पेशीबाहेर पडतात आणि लयकारिकांत न पचलेली द्रव्ये साठतात. हे जणू विमार्गगमन.

तथापि हे साम्य आकलनापुरतेच आहे. चरकोक्त स्रोतसे म्हणजे या पिटिका नव्हेत. ‘पेशीतील स्रोतोरोध दूर करणारे’ असे औषधाच्या वेष्टनावर छापण्यास यातून कोणताही आधार मिळत नाही, हे औषधालयचालकांनी ध्यानी घ्यावे.

वैद्यबंधूंनी मात्र एक गोष्ट अवश्य करावी. तरुण वयात, धूम्रपान नसताना वा अल्प असताना फुप्फुसांचा ऱ्हास दिसला, किंवा यकृतविकाराचे कारण सापडत नसेल, तर रक्तातील या प्रथिनाची तपासणी करवून घ्यावी व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हा विकार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक, आपल्याकडे विरळ. परंतु केवळ तमकश्वास समजून वर्षानुवर्षे चिकित्सा होत राहिली, तर गेलेले फुप्फुस परत मिळत नाही. अशा रुग्णाचे धूम्रपान वेळीच सुटणे हेही मोठेच रक्षण होय.