कुटुंबवैद्याच्या ज्ञानाची पारख

ब्रिटनमध्ये रीतसर उमेदवारी करून कुटुंबवैद्य होऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरास, १९५२ साली स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स या संस्थेची सदस्यत्व-परीक्षा २००७ पासून अनिवार्य झाली असून, तिच्या तीन अंगांपैकी एक निव्वळ ज्ञानाच्या उपयोजनाचे आहे. संगणकावर होणाऱ्या या कसोटीत सुमारे ८० टक्के प्रश्न रोगनिदान व उपचार यांचे असतात. बाकीचे, संशोधनाची चिकित्सा आणि दवाखान्याचा कारभार यांत समसमान वाटलेले असतात.

येथे पाठांतर पुरे पडत नाही. सत्तरीतील स्त्रीचे कानशील अलीकडेच ठणकू लागले आहे, केस विंचरताना टाळू हुळहुळते आणि घास चावताना जबडा दुखतो, एवढे वर्णन वाचून, हा धमनीदाह असावा, आणि तपासण्यांच्या निकालाची वाट न पाहता स्टेरॉइड तत्काळ सुरू न केल्यास दृष्टी जाण्याचा धोका आहे, हे ज्यास उमगते तोच येथे टिकतो.

उत्तीर्णतेची मर्यादाही कायमची ठरीव नसते. जेमतेम पात्र उमेदवारांपैकी कितीजणांना प्रत्येक प्रश्न सुटेल, याचा अदमास जाणकार डॉक्टर घेतात, आणि त्यावरून ती मुक्रर होते. रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य व प्रत्यक्ष कामातील वर्तन यांची पारख मात्र उरलेल्या दोन अंगांकडे सोपवलेली आहे.