फॉर्मवरचा मोकळा रकाना

सत्तरीपुढच्या माणसाच्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' असं दिसलं की घरचे निश्चिंत होतात आणि फाइल कपाटात जाते. त्या बदलांत नेमकं काय असतं, हे पाहायला मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागात जाऊन बसले.

तपासणीला आलेल्या एका आजींचे दागिने उतरवले, कानात बोळे घातले, त्यांना मशिनमध्ये घेतलं. अर्ध्या तासात चित्रं पडद्यावर आली. फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूतलं पाणी काळं दिसतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेली इजा पांढरी उठून दिसते. डाग सुटे असले तर फाझेकास प्रत एक, एकमेकांत मिसळू लागले तर दोन, सलग पसरले तर तीन. १९८७ पासूनची ही प्रतवारी अजूनही वापरात आहे. आजींची दोन.

चित्रं वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडम एका जागी थांबल्या. डाव्या थॅलॅमसमध्ये काळं भोक, भोवती पांढरी कड. कर्सर ओढून मोजलं, सात मिलिमीटर. तीन ते पंधरात बसतं, म्हणजे लॅक्यून. कधीतरी बारीक रक्तवाहिनी बंद पडून मेंदूचा तेवढा तुकडा गेला, आणि घरात कुणाला पत्ताही लागला नसेल. मग दुसऱ्या सिक्वेन्सवर त्यांनी सूक्ष्म रक्तस्रावाचे काळे ठिपके शोधले. दोन सापडले, दोन्ही खोल भागात. "खोल असले की मला आधी बीपी आठवतं," त्या म्हणाल्या. "वरच्या थरात असते, तर अमायलॉइड या प्रथिनाचा विचार केला असता."

त्यांनी आजींसोबत आलेला फॉर्म उघडला. 'विसराळूपणा, चालताना तोल जातो.' रक्तदाबाचा रकाना मोकळा.

मला तो रकाना डागांपेक्षा जास्त खुपला. वय कमी करता येत नाही, रक्तदाब करता येतो. मॅडमनी एक आकडा सांगितला, १२०. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत एका गटाचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्याचा १२० च्या. साधारण चार वर्षांत १२० वाल्यांचे पांढरे डाग सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, १४० वाल्यांचे १.४५ ने. डिमेन्शियाच्या आधीचा टप्पाही १२० वाल्यांत कमी जणांनी गाठला. १२० सगळ्यांनाच झेपत नाही, चक्कर येऊन पडायची भीती असते. पण ते ठरवायला आधी मोजायला तर हवं!

बाहेर मुलगा बसला होता. "गोळ्या होत्या की. बरं वाटायला लागलं म्हणून आईनेच बंद केल्या." सिस्टरांनी आजींच्या दंडाला पट्टा बांधला. १७४.

मॅडमनी रिपोर्टात प्रत लिहिली, लॅक्यून लिहिला, ठिपके लिहिले, खाली रक्तदाबाचा आकडा टाकला आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला.