स्वस्त यंत्र आणि न दिसणारा हिशेब

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत व्हिडिओ गेमच्या कन्सोलची मागणी होते. पालक यंत्राची किंमत विचारतात. परंतु खरा खर्च त्या किमतीनंतर सुरू होतो. तो समजण्यासाठी या व्यवसायाची रीत पाहिली पाहिजे.

कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र. १९९५ मध्ये अमेरिकेत सेगा कंपनीने आपले 'सॅटर्न' ३९९ डॉलरला आणले, तेव्हा सोनीने 'प्लेस्टेशन'ची किंमत २९९ डॉलर ठेवून तिच्यावर मात केली. २००६ मध्ये आलेले 'प्लेस्टेशन ३' तर सोनीने प्रारंभी उत्पादनखर्चाहूनही कमी किमतीत विकले. भारतात २००७ मध्ये ते ३९,९९० रुपयांना आले. हा तोटा खेळांच्या विक्रीतून भरून निघतो. इतरांनी तयार केलेल्या खेळांच्या विक्रीतही यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा वाटा असतो. शिवाय एका यंत्रासाठी घेतलेला खेळ प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर चालत नाही. त्यामुळे यंत्र घरात आले की ग्राहक त्या कंपनीशी बांधला जातो. निन्टेंडोने मात्र साधे तंत्रज्ञान वापरून 'वी' हे यंत्र २४९ डॉलरला, नफा राखून विकले.

तोटा सोसून बाजार जिंकण्याची ही रीत नवी नाही. तिचा एक जुना दाखला नागपूरशी निगडित आहे. १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे त्या मिलमध्ये पिढ्यानपिढ्या राबली. तिचे संस्थापक जमशेटजी टाटा यांनी १८९३ नंतर एका जपानी कंपनीच्या सहकार्याने पूर्वेकडील मालवाहतुकीसाठी 'टाटा लाइन' सुरू केली आणि टनामागे सुमारे १२ रुपये भाडे ठेवले. तेथे वर्चस्व असलेल्या पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीने आपले भाडे दीड रुपयापर्यंत उतरवले. टाटा लाइन बंद पडली आणि भाडे पुन्हा चढले.

दोन्ही प्रकारांतील हेतू भिन्न आहेत. पी. अँड ओ.ला प्रतिस्पर्धी नाहीसा करायचा होता. कन्सोलच्या कंपन्यांना ग्राहक आपल्याकडे बांधून ठेवायचा असतो. परंतु आरंभीच्या स्वस्ताईची भरपाई पुढे ग्राहकालाच करावी लागते, हे दोहोंत समान आहे.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी रुपयाचे स्थैर्य त्याच्या क्रयशक्तीत पाहिले. नाण्याकडे पाहताना त्यातून प्रत्यक्षात काय मिळते हे तपासण्याची ती दृष्टी घरखर्चालाही लागू पडते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी मुलाला सोबत बसवून तीन वर्षांचा हिशेब मांडावा : यंत्र, खेळ, मासिक वर्गणी, दुरुस्ती. कुटुंबाचा निर्णय कोणताही असो, किंमत तपासून पाहण्याची सवय मुलाला लागली, तर तिचा उपयोग त्याला आयुष्यभर होईल.