एका संहितेच्या अनेक रचना : मार्कअपच्या चार दशकांचा मागोवा

१९८६ साली एसजीएमएल ही मार्कअपची, म्हणजे मजकुरात रचनेच्या खुणा घालण्याची, भाषा आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि संगणकावर ग्रंथ जतन करणाऱ्यांच्या हाती एक पक्के व्याकरण आले. मजकुराच्या प्रत्येक भागाला नाव द्यायचे, भाग सुरू होताना टॅग उघडायचा, संपताना बंद करायचा. ग्रंथात प्रकरण, प्रकरणात परिच्छेद, परिच्छेदात वाक्य, अशी डब्यात डबा बसवलेली मांडणी. आतला बंद झाल्याशिवाय बाहेरचा बंद करायचा नाही, एवढीच अट.

कार्यालयीन दस्तऐवजांना ही अट जाचली नाही, साहित्याला मात्र जाचली. शेक्सपिअरच्या नाटकांत पद्याची एकच ओळ कधी दोन पात्रांत वाटलेली असते. ओळ अखंड ठेवली की संवाद तुटतो आणि संवाद अखंड ठेवला की ओळ तुटते. पान तर वाक्याच्या मध्यावरही उलटते. आपल्या ज्ञानेश्वरीतही अर्जुनाचे बोलणे ओवीच्या मधूनच सुरू होऊ शकते आणि पुढच्या ओव्यांत वाहत जाते. या रचना एकमेकींना छेदतात आणि तरीही सगळ्या खऱ्या असतात.

मानक रचणाऱ्यांना याची जाणीव होती. एकाच मजकुरावर दोन रचना शेजारी शेजारी नोंदवता याव्यात म्हणून त्यांनी ‘कन्कर’ ही ऐच्छिक सोय ठेवली. पण ती राबवणारी सॉफ्टवेअर जवळजवळ झालीच नाहीत.

१९८७च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, व्हॅसर कॉलेजात संहिता संगणकावर नोंदवण्याचे सामायिक नियम ठरवायला अभ्यासक जमले आणि ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ (टीईआय) सुरू झाले. १९९० साली स्टीव्हन डीरोझ, डेव्हिड ड्युरँड, एली मायलोनास आणि ॲलन रेनिअर यांनी ठाम मांडणी केली, की संहिता म्हणजे आशयाच्या घटकांची क्रमबद्ध उतरंड. काही वर्षांतच त्यांच्यापैकी तिघांनी छेदणाऱ्या रचनांचे पुरावे समोर ठेवून स्वतःचीच मांडणी नव्याने तपासली. या क्षेत्राचा प्रामाणिकपणा मला इथे दिसतो.

टीईआयच्या १९९४च्या मार्गदर्शिकेने व्यवहारी उपाय दिले. मुख्य रचना एक धरायची. पान कुठे उलटले हे दाखवायला मजकूर न वेढणारा रिकामा टॅग टाकायचा. तुटलेल्या ओळीचे तुकडे पहिला, मधला, शेवटचा असे नोंदवून जोडायचे. १९९८ साली एसजीएमएलचे सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल आले. त्यात ‘कन्कर’ नव्हतेच, त्यामुळे हे उपाय अधिकच गरजेचे झाले. पण रिकाम्या खुणांमधला मजकूर एक घटक आहे, हे सामान्य साधनांना कळत नाही. ते काम वेगळ्या प्रोग्रॅमवर पडते.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाने वेगळी वाट धरली. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनची सुमारे २०,००० हस्तलिखित आणि टंकलिखित पाने, त्यांतली खोडाखोड, पर्यायी वाक्ये आणि फेरफार नोंदवण्यासाठी क्लाउस हुइटफेल्ट यांनी ‘मेक्स’ ही पद्धत रचली. तिच्यात टॅगांनी एकमेकांना छेदणे मुळातच मान्य होते. पुढे मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन यांच्यासोबत त्यांनी ‘गोडॅग’ ही आलेखरचना मांडली. तिच्यात एका घटकाला एकाहून अधिक पालक असू शकतात. २००२ साली जेनी टेनिसन आणि वेंडेल पीझ यांनी ‘एलएमएनएल’मध्ये उतरंडच सोडली आणि मजकुरावरच्या स्वतंत्र पट्ट्यांची कल्पना मांडली.

खुणा मजकुराबाहेर ठेवून अक्षरांच्या क्रमांकाने त्यांचे स्थान सांगण्याची पद्धत भाषावैज्ञानिकांनी आपलीशी केली. तिच्यात कितीही रचना एकत्र नांदतात. मात्र मूळ मजकुरात एक अक्षर वाढले, तरी पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून गोठवलेल्या संहितेला ती शोभते, संपादन चालू असलेल्या संहितेला जड जाते.

या चार दशकांत सर्वांनी स्वीकारलेला एकच उपाय सापडला नाही, आणि मला ते अपयश वाटत नाही. सुरुवातीला छेद हा अपवाद मानला जात होता. आज तो संहितेचा स्वभाव मानून काम चालते. मराठी पोथ्या संगणकावर आणणाऱ्यांनी हा अनुभव आधीच पदरी घ्यावा. ओवीला मुख्य रचना धरली, तरी पोथीचे पान आणि ओळ कुठे संपते याची खूण त्याच वेळी करावी, आणि कोणती रचना का निवडली हे फाइलच्या शीर्षभागात लिहून ठेवावे. नंतरच्या अभ्यासकाला दुसरी रचना हवी असेल, तर ती त्या खुणांवरून उभी करता येईल. खूणच केली नसेल, तर त्याला पुन्हा मूळ पोथी उघडावी लागेल.