सढौरा : पीराची हवेली आणि कसणाऱ्याचे राज्य

नांदेडचा गुरुद्वारा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. तेथील लंगरच्या पंगतीत शेजारी कोण बसला आहे याची चौकशी न करता आपण जेवलेलेही आहोत. आम्हीही एकदा मुलाबाळांसह गेलो होतो. गोदावरीच्या काठी बंदाघाट नावाचा आणखी एक गुरुद्वारा आहे. तेथे आमच्या मुलीने विचारले, "पप्पा, हा बंदा कोण?" आम्हाला उत्तर देता आले नाही. बी.कॉम.ला इतिहास नव्हता, ही सबब मुलांपुढे चालत नाही. "घरी गेल्यावर सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मग मात्र वाचनालयातून पुस्तके आणून रोज रात्री थोडे थोडे वाचू लागलो. वाचता वाचता नांदेडहून निघालेला तो रस्ता आम्हाला पार हरियाणातील सढौरा या लहानशा गावी घेऊन गेला. त्या गावाची ही हकीकत आहे.

सढौरा हे शिवालिक डोंगराच्या पायथ्याजवळचे जुने गाव. पूर्वी ते अंबाला जिल्ह्यात होते. १९८९ साली यमुनानगर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेले. जुन्या मशिदी, दर्गे आणि गुरुद्वारे असलेले हे गाव साधू-फकिरांच्या वाटेवरचे होते व त्यावरूनच त्याला हे नाव पडले, असे लोक सांगतात.

पीर बुद्धू शाह

या गावात पीर बुद्धू शाह नावाचे मुसलमान संत राहत. त्यांचे मूळ नाव बद्रुद्दीन. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग तेव्हा जवळच पाँवटा येथे होते. दोघांची भेट झाली आणि स्नेह जुळला. औरंगजेबाच्या फौजेतून काढून टाकलेल्या ५०० पठाणांना पीरांनी गुरूंकडे चाकरीस लावून दिले. १६८८ साली डोंगरी राजांनी गुरूंवर चाल केली, तेव्हा ऐन वेळी यातील बहुतेक पठाण पळून गेले. ही बातमी सढौऱ्यास पोचताच पीर स्वतः चार मुलगे व ७०० मुरीद घेऊन भंगाणीच्या रणांगणावर गेले. आपण ज्यांची हमी घेतली त्यांनी दगा दिला, तर ती भरपाई आपणच केली पाहिजे, असा हा माणूस. त्या लढाईत त्यांचे दोन मुलगे कामी आले.

लढाई संपल्यावर गुरू केस विंचरत होते. काय मागायचे ते मागा, असे गुरूंनी म्हटले, तेव्हा पीरांनी त्यांचा कंगवा मागून घेतला व तो विंचरताना निघालेल्या केसांसह जपला, अशी परंपरा आहे. पुढे त्या वस्तू नाभा संस्थानच्या राजघराण्याकडे गेल्या.

या मैत्रीची किंमत पीरांना चुकवावी लागली. १७०४ साली सढौऱ्याचा मोगल अधिकारी उस्मान खान याने त्यांना ठार केले.

नांदेडहून निघालेला माणूस

आता आमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. जम्मूकडील राजौरी भागात १६७० साली जन्मलेला माधोदास नावाचा एक बैरागी नांदेडला गोदावरीकाठी आश्रम करून राहत होता. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. त्यांच्या भेटीनंतर हा बैरागी शीख झाला आणि स्वतःला गुरूंचा बंदा, म्हणजे सेवक, म्हणवू लागला. गुरूंचा अखेरचा हुकूम घेऊन तो मूठभर साथीदारांसह पंजाबकडे निघाला. इतिहासात त्याचे नाव बंदासिंग बहादूर असे आहे.

नोव्हेंबर १७०९ मध्ये त्याने समाना हे शहर घेतले. लवकरच सढौराही घेतले आणि उस्मान खानाला शिक्षा केली. मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत सरहिंदचा सुभेदार वजीर खान मारला गेला. सढौऱ्याच्या वरच्या डोंगरात मुखलिसगड नावाचा किल्ला होता. बंदाने त्याला लोहगड म्हटले आणि तेथून कारभार सुरू केला. नाणी पाडली ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर गुरूंच्या नावाने. राज्यकर्त्यांनी स्वतःचे नाव गाळण्याची उदाहरणे फार नाहीत.

पण आम्हाला थांबवले ते पुढच्या मजकुराने. बंदाने जिंकलेल्या मुलुखात जमीनदारी मोडली आणि जमीन कसणाऱ्याला तिचा मालक केले. आम्ही कारकुनी करणारी माणसे आहोत. कागदावर कोणाचे नाव आहे याला काय मोल असते, ते आम्ही रोज पाहतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते वतनाच्या तुकड्याला बांधलेल्या आपल्या वाडवडिलांची राबणूक संपावी म्हणून. त्याच्या २०० वर्षांहून आधी कोणीतरी नांगर धरणाऱ्याच्या नावे शेत केले होते, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

मोगल काळाचा इतिहास लिहिणारे विल्यम आयर्विन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. मैला साफ करणारा किंवा कातडे कमावणारा माणूस घर सोडून बंदाला मिळाला की, थोड्याच दिवसांत नेमणुकीचा हुकूम हातात घेऊन आपल्या गावी अधिकारी म्हणून परत येई, आणि गावातील धनिक व कुलीन मंडळी त्याला सामोरी जाऊन हात जोडून उभी राहत. असा दिवस एका तरी मुलुखात उगवला होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

कत्लगढी

तरीही ही कथा एकाच बाजूने सांगणे योग्य नव्हे. सढौरा घेतले तेव्हा अनेक लोकांनी पीर बुद्धू शाहांच्या हवेलीत आसरा घेतला होता. तेथे मोठी कत्तल झाली आणि त्या जागेला कत्लगढी असे नाव पडले. ज्याने गुरूंसाठी दोन मुलगे दिले, त्याच्याच उंबरठ्याच्या आत हे रक्त सांडले. जुलमाचा सूड घेणारा हातही जुलमी होऊ शकतो. वैराने वैर शमत नाही ही तथागतांची शिकवण मानणाऱ्या आपण तरी हे पान वगळून पुढे जाऊ नये.

बंदाचे राज्य फार टिकले नाही. डिसेंबर १७१० मध्ये बादशहा बहादूरशहाच्या फौजेने लोहगड घेतला. बंदा निसटला. १७१२ साली बादशहा वारल्यावर त्याने सढौरा व लोहगड परत मिळवले, पण १७१३ मध्ये ते पुन्हा सोडावे लागले. १७१५ साली गुरदास नांगल येथे ८ महिन्यांच्या वेढ्यानंतर तो पकडला गेला आणि जून १७१६ मध्ये दिल्लीत त्याला हाल करून मारण्यात आले. पुढे १७६४ साली शीख मिसलींनी सरहिंदचा सुभा जिंकला, तेव्हा हा मुलूख सरदारांनी वाटून घेतला. म्हणजे शिखांचे राज्य परत आले, पण सरदारांचे म्हणून. १८०९ साली हे सरदार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले.

याच मातीतले अशोकाचे अक्षर

वाचकहो, याच यमुनानगर जिल्ह्यात टोपरा नावाचे गाव आहे. सम्राट अशोकाचा एक शिलास्तंभ तेथे उभा होता. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो सावरीच्या कापसात व वेतात गुंडाळून, ४२ चाकांच्या गाड्यावरून यमुनेपर्यंत आणि तेथून नावेने दिल्लीस नेला. आज तो फिरोजशाह कोटल्यात आहे. अशोकाचे सातही स्तंभलेख एकत्र असलेला हा एकमेव स्तंभ. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली ती अशाच लेखांच्या आधारे. जगाधरीजवळ चनेटी येथे विटांचा प्राचीन स्तूप अजून उभा आहे. ज्या मुलुखात अशोकाने प्राणिमात्रांवर दया करा असे कोरले, तेथेच पुढे पीराची हवेली उभी राहिली आणि बंदाचा लोहगडही.

हवेलीचे पुढे काय झाले?

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पीर बुद्धू शाहांच्या वंशजांना सढौरा सोडून पाकिस्तानात जावे लागले. त्यांचे घर मागे राहिले. गावातील शिखांनी तेथे गुरुद्वारा केला आणि त्याला नाव दिले पीर बुद्धू शाह यांचेच. घरातील माणसे राहिली नाहीत, पण घराचे नाव राहिले. शीख गुरुद्वाऱ्याला मुसलमान पीराचे नाव, हा सढौऱ्याचा खरा वारसा आहे.

तरी आमच्या मनात एक शंका राहतेच. नाव जपले ही मोठी गोष्ट. पण त्या नावाच्या माणसांना जाण्याची वेळ का यावी? आपल्याही गावात एखादा दर्गा असेल, मठ असेल, पडके लेणे असेल. तेथे दिवा लावणारा कोण होता व तो आज कोठे आहे, हे सुट्टीच्या दिवशी आपल्या मुलांना घेऊन विचारून यावे.

आमच्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तिने शेवटी इतकेच विचारले, "मग त्या शेतकऱ्यांच्या जमिनी नंतर कोणी घेतल्या?" आम्ही पुन्हा वाचनालयात जात आहोत.