फोनवर हिरवी खूण आली, तरी अर्ज पोचलाच असं नाही

ऑनलाइन अर्ज भरताना तालुका निवडला की खालच्या रकान्यात लगेच त्या तालुक्यातली गावं येतात. पान पुन्हा उघडावं लागत नाही. साधी गोष्ट वाटते, पण इथं दोन ठिकाणी काम चाललेलं असतं. एक हातातल्या फोनमध्ये, दुसरं लांबच्या सर्व्हरवर. हा फरक कळला नाही की शेवटच्या तारखेला घोटाळा होतो.

फोनमधलं काम जावास्क्रिप्ट करते. ते सोपं व्हावं म्हणून जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली. नेहमी लागणाऱ्या कामांचा हा तयार कोड. सर्व्हरच्या बाजूला फ्रेमवर्क असतं. जँगो, रेल्स, लॅरावेल अशी बरीच आहेत. यातलं जँगो अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स इथं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

जेक्वेरी आणि जँगोची जोडी लावली की काय होतं? तालुका निवडताच जेक्वेरी पाठीमागून सर्व्हरला निरोप धाडते. जँगो डेटाबेसमधून गावांची नावं काढून तेवढीच यादी परत पाठवतं, जेक्वेरी ती रकान्यात बसवते. पूर्वी एवढ्यासाठी अख्खं पान पुन्हा लोड व्हायचं. रेंज कमी असली की हा निरोप वाटेत अडकतो आणि रकाना रिकामा दिसतो. म्हणजे गाव यादीत नाही असं नव्हे. जरा थांबून तालुका पुन्हा निवडावा.

खरी गोम तपासणीत आहे. बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यात पाचव्या जागी शून्य. एवढं फोन जागच्या जागी तपासतो आणि हिरवी खूण दाखवतो. पण खातं त्याच शेतकऱ्याचं आहे का, आधी अर्ज झालाय का, हे फोनला काय ठाऊक? शिवाय फोनमधला कोड जाणकार माणूस बंद करू शकतो, बदलूही शकतो. म्हणून नीट बांधलेली वेबसाइट सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासते. जी तपासत नाही, ती म्हणजे कुलूप नसलेलं गोदाम.

दुसऱ्या कुठल्या वेबसाइटनं आपल्या नावावर परस्पर अर्ज धाडू नये म्हणून जँगोच्या फॉर्मला एक गुप्त टोकन जोडता येतं. नवं लॉगिन झालं की ते बदलतं. सीएससीवर किंवा घरी दोन टॅब उघडून दुसऱ्यात लॉगिन केलं, तर पहिल्यातला भरलेला अर्ज ४०३ दाखवून नाकारला जाऊ शकतो. माहितीत चूक नसते. पान नव्यानं उघडून अर्ज पुन्हा भरावा लागतो, वैताग येतो खरा.

सबमिट दाबल्यावर चाक फिरत असेल तर परत परत दाबू नये. प्रत्येक दाबण्याला वेगळा निरोप जाऊ शकतो. अर्ज पोचल्याची खात्री म्हणजे सर्व्हरनं दिलेला अर्ज क्रमांक. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. क्रमांक न येताच पान अडकलं, तर नवा अर्ज भरण्याआधी आपल्या लॉगिनमध्ये जुन्याची नोंद दिसते का ते बघावं. कधी कधी अर्ज पोचलेला असतो, फक्त परतीचा निरोप रेंजअभावी आलेला नसतो.