पिलू घेताना आई पाहा

शेगाव-खामगावकडचा शेतकरी गाय घेताना तिचे दात पाहतो, कास पाहतो. विलायती कुत्र्याचे पिलू घेताना मात्र आपण नुसते गोजिरे तोंड पाहतो. त्याची आई कुठे आहे, हे कोण विचारतो?

धंद्यासाठी ठेवलेली कुत्री वेतामागून वेत देऊन खंगते आणि कित्येकदा रस्त्यावर सोडली जाते. प्राणिमित्र तिला उचलून गुरांच्या दवाखान्यात नेतात, पदरमोड करून जगवतात. पण एक वाचली, तरी तिच्या जागी दुसरी येतेच. इलाज मुळावरच हवा.

तो १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली झालेल्या नियमांत आहे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. १८ महिन्यांच्या आत व ८ वर्षांनंतर मादीकडून पैदास घ्यायची नाही. वर्षात एकच वेत, जन्मात पाचच. पिलू ८ आठवड्यांचे झाल्याशिवाय विकायचे नाही. तोवर ते आईचे दूध पिते आणि दातांचा आवर शिकते.

नियम कागदावर राहू नयेत, हे गिऱ्हाइकाच्या हाती आहे. गुरुजींनी मुलांना एवढेच सांगावे: आधी नोंदणीचा दाखला मागा, मग पिलाची आई दाखवा म्हणा. विकणारा आढेवेढे घेऊ लागला, तर खुशाल परत फिरा.